पऱ्हाटीतलं तुरीचं तास



कार्यक्रमात पीक संरक्षणाचा विषय झाला की एक प्रश्न हमखास येतो. 'झेंडू लावला तर फवारणी बंद होते काय?' कुणी झेंडूऐवजी तुळस विचारतो, कुणी लसूण, कुणी एरंडी. बायकांचा प्रश्न बहुधा परसबागेतल्या वांग्या-टमाट्यांचा असतो, पुरुषांचा पऱ्हाटीचा. 'हो' म्हणून सांगितलं तर खोटं होईल आणि 'नाही' म्हटलं तरी खोटंच होईल. म्हणून या पत्रकात थोडं मागं जाऊन पाहू. पिकाशेजारी दुसरं पीक लावून कीड आवरायची ही रीत आपल्याकडे कशी होती, कशी गेली आणि आता कोणत्या नावानं परत येत आहे, ते पाहिलं की उत्तर आपोआप हाती लागतं.

मुकुटबनला बदली होऊन आलो तेव्हा पहिल्याच हंगामात एका म्हाताऱ्या बाबांच्या वावरात गेलो होतो. आजूबाजूला सगळीकडे निव्वळ पऱ्हाटी. यांच्या वावरात मात्र दर दहा तासांनंतर एक तास तुरीचं, धुऱ्याला अंबाडी, मधून मधून ज्वारीची चार-दोन ताटं आणि कोपऱ्यात एरंडीची तीन झाडं. मी पुस्तकी माणूस. विचारलं, 'बाबा, हे किडीसाठी लावलं का?' बाबा हसले. म्हणाले, 'साहेब, कायचं किडीसाठी? माह्या बापानं लावलं म्हून मी लावतो. वरणाले तूर पायजे, भाजीले अंबाडी पायजे, दोराले वाख पायजे. पयले तर आमी फवारतच नव्हतो.'

हे उत्तर मला तेव्हा फारसं आवडलं नाही. मला शास्त्रीय कारण हवं होतं. आता वाटतं की बाबांचंच उत्तर बरोबर होतं. जुन्या शेतकऱ्यानं कीड मारण्यासाठी म्हणून शेजारपीक लावलं, असं आपण आज कौतुकानं सांगतो खरं. पण तसा इतिहास नाही. त्यानं ते घरात धान्य यावं म्हणून लावलं, एक पीक बुडालं तर दुसरं हाती राहावं म्हणून लावलं, जनावराला कडबा आणि चुलीला तुऱ्हाट्या मिळाव्या म्हणून लावलं. कीड आटोक्यात राहायची ती त्यातून. शेतात एकाच पिकाचा समुद्र नव्हता, म्हणून.

वणी जिल्ह्यापासूनची गोष्ट

आपल्या या भागाला पूर्वी वणी जिल्हा म्हणत. १९०५ साली दारव्हा आणि पुसद तालुके जोडले गेले आणि यवतमाळ हे नाव लागलं. काळी भारी जमीन, पैनगंगेचं खोरं, पलीकडे आदिलाबाद. इथं कापूस जुनाच. पण तो घरच्या चरख्यापुरता आणि जवळच्या बाजारापुरता असे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. मग काय, गाठी थेट मुंबईला जाऊ लागल्या.

त्या काळी हिंगणघाट-वऱ्हाडच्या 'बणी' कापसाचा लौकिक होता. धागा चांगला, पण उतारा कमी. हळूहळू जास्त उताऱ्याचे आखूड धाग्याचे वाण आले, पुढे 'रोझियम' आलं, मर रोगाला टिकणारी 'बुरी' ही अमेरिकन जातीची कपाशीही आली. वाण बदलले तरी पेरणीची रीत मात्र बदलली नाही. तिफणीनं सरळ तासं पाडायची, आठ-दहा तासं कपाशीची झाली की एक तास तुरीचं. मधे कुठं मूग, कुठं उडीद, कुठं बरबटी. धुऱ्याला अंबाडी. कोलाम आणि गोंड बांधवांच्या डोंगराकडच्या वावरात तर ही सरमिसळ आणखी दाट असे.

बाहेरून आलेल्या साहेबांना ही सरमिसळ आधी अडाणीपणाची वाटली. पण सगळ्यांना नाही. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ १८८९ च्या अखेरीस सरकारनं इंग्लंडहून बोलावले. भारतीय शेती कशी सुधारावी हे त्यांनी सांगायचं होतं. ते देशभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापून निघाला. त्यात त्यांनी मोकळेपणानं लिहिलं की इथला शेतकरी काही बाबतींत इंग्लंडच्या शेतकऱ्याच्या तोडीस तोड आहे, आणि मिश्र पिकांची रीत विचारपूर्वक चालवलेली आहे. शिकवायला आलेला माणूस शिकून गेला असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं नाव सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं. त्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती कपाशीशी आणि आपल्यासारख्याच काळ्या जमिनीशी जोडलेली आहे. हॉवर्ड १९०५ साली बिहारमध्ये पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. तिथं त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. कीटकनाशक न वापरता, आजूबाजूच्या शेतकऱ्यांची रीत बघून पीक निरोगी कसं ठेवता येतं, हे पाहायचं ठरवलं. शेतकरी आणि किडी या दोघांना त्यांनी आपले गुरू मानलं. कीड पडली म्हणजे पिकाचं किंवा जमिनीचं कुठंतरी बिनसलं आहे, ते काय ते कीड दाखवून देते, अशी त्यांची समजूत होती. पुढे १९२४ साली इंदूरला कपाशीच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली आणि १९३१ पर्यंत हॉवर्ड तिचे प्रमुख होते. शेणखत आणि काडीकचरा कुजवण्याची जी 'इंदूर पद्धत' आपण आजही शिकवतो, ती तिथलीच. १९४० साली त्यांचं शेतीवरचं मोठं पुस्तक निघालं. जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. ज्यांच्या वावरात बघून ते लिहिलं गेलं, त्यांच्यापर्यंत मात्र ते पोचलं नाही.

हॉवर्ड यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. निरोगी जमिनीत कीड पडतच नाही, हे मला माझ्या अनुभवानं मान्य करता येत नाही. भरपूर शेणखत घातलेल्या वांग्यातही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी मी पाहिली आहे. पण शेजारचं पीक, जमीन आणि कीड हे तिन्ही एकत्र बघायची त्यांची दृष्टी पुढच्या चाळीस वर्षांत आम्ही शेतीखात्याच्या लोकांनी गमावली, हे कबूल केलं पाहिजे.

तास कसं गेलं

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डीडीटी आलं. त्याचा कीटकनाशक गुण शोधून काढणारे पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. मागोमाग गॅमेक्झिनची पावडर गावोगाव पोचली. जुन्या माणसांना ती पोत्यातून झटकून धुरळलेली आठवत असेल. तरीही १९७० पर्यंत आपल्या कोरडवाहू कपाशीवर औषध फार पडत नव्हतं. देशी कपाशी तुडतुड्यांना दाद देत नसे आणि शेतकऱ्याच्या खिशात पैसाही नसे.

१९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' ही संकरित कपाशी दिली. व्यापारी लागवडीत आलेली जगातली ती पहिली संकरित कपाशी. दोन वर्षांत कर्नाटकातून 'वरलक्ष्मी' आली. पुढे नांदेडची 'एनएचएच-४४' तर विदर्भात घराघरात पोचली. उत्पन्न वाढलं, यात शंका नाही. ज्या घरात कधी दोन बैलांची जोडी नव्हती तिथं ती आली. पण संकरित बियाणं महाग. ते तिफणीनं पेरायचं नाही, हातानं टोबायचं, फुलीवर लावायचं, म्हणजे उभी-आडवी दोन्हीकडून डवरणी करता येते. आणि इथंच तुरीचं तास अडलं! आडव्या डवऱ्याला ते आडवं येऊ लागलं. कुणी भाषण देऊन ते काढायला लावलं नाही, डवऱ्यानं काढलं.

त्यात खतं वाढली, पऱ्हाटी हिरवीगार आणि लुसलुशीत झाली, तुडतुडे-मावा वाढले. मग फवारणी. फवारणीनं ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकिडेही मेले, मग आणखी फवारणी. १९८० च्या आसपास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं आली. पहिल्या वर्षी अळ्या टपाटप गळून पडल्या. आमच्या खात्यातले जुने सहकारी सांगतात, तेव्हा सभा घेऊन, पत्रकं वाटून, रेडिओवर बोलून आम्हीच फवारणीचं वेळापत्रक पाठ करून घेतलं. फवारा कधी टाळायचा हे वेळापत्रकात नव्हतं. १९८७ साली शेजारच्या आंध्रात गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या बोंडअळीनं कपाशी खाऊन टाकली आणि औषधं चालेनात. तपासात दिसलं की अळीनं ती पचवायची ताकद कमावली होती. देशातल्या एकूण लागवडीच्या शेकडा पाच एवढ्या जमिनीवरच्या कपाशीला, देशात वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मं औषध लागत होतं, असा तो काळ.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांची. हिरव्या बोंडअळीसाठीचे फवारे खरोखर कमी झाले. पण या कपाशीबरोबर एक अट होती, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं तीच महत्त्वाची. बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा शेताचा शेकडा वीस भाग, जे जास्त असेल तेवढा, लावायचा होता. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं वेगळं पाकीट त्यासाठीच यायचं. काही पाकिटांत बिगर-बीटी सरकीऐवजी तुरीचं बी आलं. म्हणजे बापजाद्यांचं तुरीचं तास कंपनीच्या पाकिटातून परत आलं! या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीला पुरून उरलेल्या पतंगांशी मिळावेत आणि ताकदवान अळ्यांची वंशवेल वाढू नये, असा हिशेब.

आणि आपण काय केलं? ते छोटं पाकीट धुऱ्यावर फेकलं. घरोघरी विचारलं तर दहातले आठ जण हसून हेच सांगतात. मी त्यांना दोष देत नाही. बियाणं विकताना ते पाकीट कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलंच नाही. कीड जगावी म्हणून पीक लाव, असं म्हटलं तर शेतकऱ्याला ते वेड्यासारखंच वाटणार. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ती यामुळेच.

२०१७ सालचा हंगाम आपल्या जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. शेंदरी बोंडअळी, जिला गुलाबीही म्हणतात, बीटीला जुमानेनाशी झाली होती. पाऊस-उन्हाचा खेळ असा झाला की पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली. शेतकरी आणि शेतमजूर त्या उंच पऱ्हाटीत शिरून, दोन-तीन औषधं एकत्र करून, बारीक फवाऱ्याच्या बॅटरी पंपानं तोंडाच्या पातळीवर फवारत होते. जुलै ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. बहुतेक मजूर होते. कापूसही त्यांचा नव्हता. झेंडू-तुरीच्या गप्पा मी हौसेनं करत नाही, त्या याच्यासाठी करतो. हंगामातले दोन फवारे जरी वाचले, तरी कुणाचा तरी मुलगा दोन दिवस कमी वेळ त्या धुक्यात उभा राहील.

शेजारपीक नेमकं काय करतं

आता शास्त्राकडे येऊ. १९७३ साली अमेरिकेत रिचर्ड रूट यांनी कोबीच्या कुळातल्या भाजीवर एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच पीक सलग लावलेल्या वाफ्यात आणि गवत-झाडोऱ्यात ओळीनं लावलेल्या त्याच पिकात किडे मोजले. सलग वाफ्यात ते पीक खाणारे किडे जास्त भरले. त्याचं सोपं कारण असं की किड्याला आपलं जेवण एका जागी, सलग मिळालं की तो तिथं येतो, थांबतो आणि वाढतो. मधे परकी झाडं असली की शोधायला वेळ लागतो. आपल्या बाजारासारखंच आहे. एका रांगेत दहा हॉटेलं असली की गिऱ्हाईक तिकडेच वळतं.

हे एक काम झालं. शेजारपिकाची आणखी तीन कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नयेत, कारण गोंधळ तिथंच होतो.

एक म्हणजे सापळ्याचं काम. किडीला मुख्य पिकापेक्षा जे जास्त आवडतं ते जवळ लावायचं. बंगलोरच्या भारतीय बागायत संशोधन संस्थेनं टमाट्यातल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडूचा प्रयोग केला आणि तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. टमाट्याच्या १६ ओळींना झेंडूची एक ओळ. रोप लावताना झेंडू ४५ दिवसांचा आणि टमाटा २५ दिवसांचा. यातली गोम लक्षात घ्या. टमाटा फुलावर येईल तेव्हा झेंडूला कळ्या-फुलं तयार हवीत. मादी पतंग झेंडूच्या कळीवर अंडी घालते, टमाटा वाचतो.

हे मी शिकलो ते चुकून. एका बचत गटाच्या महिलांना मी टमाट्याभोवती झेंडू लावायला सांगितलं, पण वयाचा हिशेब सांगायचं विसरलो. दोन्ही रोपं एकाच दिवशी, एकाच वयाची लागली. टमाटे फळावर आले तेव्हा झेंडू नुसता पाल्याचा गुंडा होता. अळी टमाट्यात गेली. दिवाळीला झेंडूची फुलं छान निघाली, ती मुकुटबनच्या बाजारात विकली, म्हणून महिलांनी मला फार बोल लावला नाही. एक मावशी तेवढं म्हणाली, 'साहेब, फुलाचे पैसे झाले, पण टमाट्याचं काय?'

पानकोबीत असंच मोहरीचं आहे. पानकोबीच्या २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी. त्यातली एक लागवडीच्या आधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरायची, म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला आणि माव्याला कोवळी मोहरी सतत मिळत राहते. वावराच्या कडेची एरंडी याच कामाची आहे. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीची मादी एरंडीच्या पानामागं पुंजक्यानं अंडी घालते. ते पान खुडून नष्ट केलं की शेकडो अळ्या एका झटक्यात गेल्या. पण खुडलं नाही तर? तर तुम्ही अळीची शाळाच चालवताय. पऱ्हाटीच्या कडेची भेंडी याच कारणानं गोड आणि कडू दोन्ही आहे. ठिपक्याची बोंडअळी भेंडीवर आधी येते, हे खरं. पण किडकी भेंडी वेळच्या वेळी तोडून नष्ट केली नाही तर तिथं वाढलेली पुढची पिढी पऱ्हाटीत शिरते.

दुसरं काम मित्रकिड्यांना आसरा देण्याचं. बरबटीवर मावा लवकर येतो, त्यामागं ढालकिडे येतात, तिथं वाढतात आणि पऱ्हाटीवर मावा आला की तिकडे सरकतात. बरबटीवरचा मावा पाहून घाबरून फवारा मारला तर सगळी मेहनत वाया. सांबार, म्हणजे कोथिंबीर, थोडी फुलावर जाऊ द्यावी. तिच्या बारीक फुलांतल्या मधावर अळ्यांचे शत्रू असलेल्या लहान गांधीलमाश्या जगतात. ज्वारीची ताटं तर कोतवाल आणि साळुंकीसाठी बसायची जागा. आता आम्ही पक्षीथांबे म्हणून काड्या रोवायला सांगतो. ज्वारी ते काम करून वर कणीसही देत होती.

तिसरं काम दूर ठेवण्याचं, वासानं किंवा मुळांतल्या द्रव्यानं. लोकांचा सगळा विश्वास यावरच असतो आणि खात्री इथंच सगळ्यात कमी आहे. झेंडूच्या मुळात सूत्रकृमींना मारक द्रव्य असतं, हे हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी १९५८ साली दाखवलं. पण त्यासाठी झेंडू दाट, सगळ्या वाफ्यात आणि पूर्ण हंगामभर घ्यावा लागतो, मग त्या जागी वांगी-टमाटे. बांधावर चार झाडं लावून मुळावरच्या गाठी जात नाहीत. वांग्यातली शेंडे पोखरणारी अळी झेंडूच्या वासानं पळते असं मला कुठं दिसलं नाही. तिथं सुकलेले शेंडे दर आठवड्याला तोडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे, हाच इलाज. (आपल्या दसऱ्या-दिवाळीचा झेंडूही मूळचा मेक्सिकोचा, हे सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही. पोर्तुगीजांच्या काळात तो आला आणि आपल्या तोरणात बसला. टमाटा आणि मिरचीही तिकडूनच आलेली.)

ही तिन्ही कामं एका वावरात जुळवल्याचं उदाहरण म्हणजे आफ्रिकेत केनियात १९९० नंतर उभी राहिलेली 'ढकला आणि ओढा' पद्धत. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वेल, तिच्या वासानं खोडकिड्याचा पतंग दूर जातो. कडेला नेपियर गवत, तिकडे तो ओढला जातो. गवत आणि वेल दोन्ही जनावरांना चारा. हे नाव मात्र १९८७ साली ऑस्ट्रेलियात कपाशीच्याच बोंडअळीवर काम करताना पडलं.

मुकुटबनच्या वावरात

आता तुरीच्या तासाकडे परत येऊ. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, म्हणून त्या अळीसाठी तूर उपयोगी. शेंदरी बोंडअळीचं तसं नाही. ती मुख्यतः कपाशीवरच जगते. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४३ साली झालं, तेही भारतातल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती आपलीच जुनी ओळखीची. तिला तूर, झेंडू, एरंडी कशाशीच देणंघेणं नाही. तिच्यासाठी मे महिन्यातली पूर्वहंगामी लागवड टाळणं, डोमकळ्या वेचून नष्ट करणं, कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले तरच फवारा घेणं आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाकणं हेच खरं. फरदड घेतली की बाकी सगळं व्यर्थ. 'शेजारपीक लावा, बोंडअळी जाईल' असं सरसकट कुणी सांगत असेल तर कोणती बोंडअळी, हे आधी विचारा.

मग तास कशासाठी ठेवायचं? पहिल्या दोन महिन्यांसाठी. दोन ओळींच्या मधे मूग किंवा उडीद, कडेला बरबटी, आठ-दहा ओळींनंतर तूर असली तर मित्रकिडे लवकर येतात आणि रस शोषणाऱ्या किडीसाठीचे सुरवातीचे फवारे पुढं ढकलता येतात, कधी टळतातही. फवारा लांबला की मित्रकिडे टिकतात, त्यामुळं पुढचाही लांबतो. शिवाय मूग ६० ते ७० दिवसांत हाती येतो, तूर जानेवारीत. पऱ्हाटीनं दगा दिला तरी घरात वरण शिजतं.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. जंगल जवळ असल्यानं रानडुकरं मूग ठेवत नाहीत, रोही तुरीचे शेंडे खातो. चोरट्या वाटेनं आलेल्या तणनाशक-सहनशील बियाण्याच्या वावरात ग्लायफोसेट मारलं की तण मरायच्या आत तुरीचं तास जळतं. त्या बियाण्याला परवानगी नाही हे वेगळंच. मजुरी महाग. डवऱ्याची अडचण मात्र सुटण्यासारखी आहे. तूर तिफणीनं न पेरता कपाशीच्याच फुलीवर टोबली तर आडवा डवराही चालतो. त्या बाबांनी मला हे दुसऱ्या वर्षी करून दाखवलं, आणि मी ते पाच गावांत सांगितलं.

ज्यांना यंदा करून बघायचं आहे त्यांनी सगळ्या वावरावर करू नये. एक एकर घ्यावं. तुरीचं आणि बरबटीचं घरचं बी मृगाआधीच काढून, उगवण तपासून ठेवावं, कारण ऐन पेरणीत दुकानात फक्त सरकीच मिळते. आठवड्यातून एकदा, सकाळी, वीस झाडांची पानं उलटून बघावीत आणि वहीत दोन आकडे लिहावेत: किडे किती, ढालकिडे किती. बाजूच्या निव्वळ पऱ्हाटीतही तेच मोजावं. आणि ती वही दिवाळीनंतर कार्यालयात आणून दाखवावी. आकडे वाईट निघाले तरी आणावी.